दोन, आठ, एक

सोडियमची इलेक्ट्रॉन संरचना काय, असं कुणालाही विचारा. शाळा सोडून पंचवीस वर्षं झालेला माणूसही झोपेतून उठून सांगेल, "दोन, आठ, एक". मग पुढचा प्रश्न विचारा. हे कळलं कसं? दोन, आठ, एक हे कुणी मोजलं, आणि कशाने? इतकी बारीक वस्तू कुणी उघडून बघितली होती का? समोरचा माणूस आपल्याकडे असा बघतो की जणू त्याचा पगार विचारलाय.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे अणू शिकवत नाहीत, अणूची उत्तरं पाठ करून घेतात. आणि हे नुसतं मार्कांपुरतं राहत नाही. त्याने माणसं दुखावली जातात. अतिशयोक्ती वाटत असेल तर जरा धीर धरा, त्या गोष्टीकडे येतेच आहे.

आधी माझी पात्रता सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणाचा गैरसमज नको. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं, आणि एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. आता निवृत्त आहे. संध्याकाळी सोसायटीतली आठवी-नववीची चार-पाच मुलं येतात, त्यांच्या शंका बघते. फी नाही, फक्त चपला नीट काढून ठेवायच्या. संशोधक वगैरे मी नाही. पण अणूंवरच पोट भरलंय, तेव्हा बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते.

तर मुद्दा पहिला, ते चित्र. मधे एक गोळा, त्याभोवती तीन-चार लंबवर्तुळं आणि त्यांवर फिरणारे ठिपके. विज्ञान प्रदर्शनाच्या पत्रिकेवर तेच, कोचिंग क्लासच्या फलकावर तेच. मुलांना "सूर्यमालेसारखं" म्हणून सांगतात आणि मुलंही खूश होतात, कारण सूर्यमाला आधीच झालेली असते. पण हे चित्र ज्याच्या नावावर खपवलं जातं त्या नील्स बोर यांनी १९१३ साली मांडलेली कल्पनाही पुढच्या बारा-तेरा वर्षांत मागे पडली. (बोर या नावावरून वर्गात दरवर्षी हशा होतो. मी तो होऊ देते. बोर म्हणजे बाहेर गर आणि मधे टणक बी, इतपत लक्षात राहिलं तरी बरंच झालं.) इलेक्ट्रॉन ग्रहासारखा ठरलेल्या वाटेवरून फिरत नाही. तो अमुक जागी सापडण्याची शक्यता तेवढी सांगता येते, आणि त्या शक्यतेच्या आकाराला आपण कक्षक म्हणतो.

बरं, चित्र म्हणून घ्या, पण मापं तरी? एकदा मुलांना गणित घालायला लावलं. हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. त्याची त्रिज्या एक घेतली, तर इलेक्ट्रॉनचं केंद्रकापासूनचं नेहमीचं अंतर साधारण त्रेसष्ट हजार येतं. म्हणजे दोन मिलिमीटरचा मोहरीचा दाणा वानखेडेच्या खेळपट्टीवर मधोमध ठेवला, तर इलेक्ट्रॉन सीमारेषेच्या आसपास कुठेतरी. एक मुलगा म्हणाला, काकू, मग सूर्यमालेतही असंच असेल ना? म्हटलं, घाल गणित. सूर्याची त्रिज्या सुमारे सात लाख किलोमीटर, नेपच्यून साडेचारशे कोटी किलोमीटरवर. गुणोत्तर आलं साडेसहा हजारांच्या आत. म्हणजे प्रोटॉनला सूर्याएवढा केला, तर इलेक्ट्रॉन नेपच्यूनच्याही दहापट लांब जाईल! पुस्तकातलं चित्र असं कुणी काढूच शकणार नाही, तेवढा कागद नाही. मुलाला पुस्तकाचा राग आला. मला फार आनंद झाला.

असो. चित्र चुकीचं आहे ही माझी खरी तक्रार नाही. चित्रं चुकीचीच असतात, नकाशासुद्धा सपाट असतो. तक्रार ही आहे की ते चित्र आकाशातून पडल्यासारखं दिलं जातं. अणू आहे, त्यात प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन आहेत, वस्तुमान अमुक, प्रभार तमुक, खाली तक्ता, पुढे स्वाध्याय. जणू कुणी ऋषी डोळे मिटून बसले आणि त्यांना ते दिसलं.

प्रत्यक्षात काय झालं ते बघा. विसावं शतक उजाडलं तरी अणू खरोखर असतात की ती फक्त हिशेबाची सोय आहे, यावर मोठमोठे लोक भांडत होते. एर्न्स्ट माख यांना ते पटत नव्हतं. विल्हेल्म ओस्टवाल्ड हे तर रसायनशास्त्रातलं बडं प्रस्थ, पण अणू मानायला तयार नाहीत. ते काही मूर्ख नव्हते. न दिसणाऱ्या वस्तूवर विश्वास ठेवायला पुरावा मागत होते, आणि ते बरोबरच होतं. मग १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी गणित मांडलं, की पाण्यात तरंगणारे बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली वेडेवाकडे थरथरतात ते पाण्याचे रेणू सगळ्या बाजूंनी धडकल्यामुळे, आणि ते किती वेळात किती सरकतील हे काढता येतं. फ्रान्समध्ये ज्याँ पेऱ्हँ यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते कण मोजले, आणि गणित जुळलं. १९०९ च्या सुमारास ओस्टवाल्ड यांनी आपलं मत बदललं. पुरावा आला, माणूस वळला. इतका सुंदर प्रसंग धड्यात का नसतो? तिथे काय असतं, तर "डाल्टनच्या अणुसिद्धांताची गृहीतके लिहा, गुण ३".

रदरफोर्ड यांचा सोन्याच्या वर्खाचा प्रयोग धड्यात असतो, हे मान्य. पण तो असा सांगतात की त्यातला जीवच जातो. हे काम मँचेस्टरला १९०९ साली झालं. प्रत्यक्ष राबणारे दोघं होते, हान्स गायगर आणि वीस वर्षांचा अर्न्स्ट मार्सडेन, जो अजून शिकत होता. आधी अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत बसून राहायचं. मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्याकडे बघत राहायचं. एखादा अल्फा कण येऊन आदळला की इवलीशी ठिणगी दिसते, ती मोजायची. पुन्हा दुसऱ्या कोनातून, पुन्हा मोजायची. बहुतेक कण सरळ आरपार. आणि हजारोंतून एखादा चक्क मागे फिरलेला.

इथे थांबून वर्गात विचारायला हवं, की यावरून तुम्ही काय म्हणाल? कारण तोवरचा थॉमसन यांचा अणू म्हणजे धनप्रभाराचा लगदा आणि त्यात रोवलेले इलेक्ट्रॉन. आम्हाला शाळेत कलिंगड सांगितलं होतं. कलिंगडाच्या गराने बंदुकीची गोळी परत फिरवली, असं कधी झालंय का? ती फिरवायला प्रभार एका ठिकाणी घट्ट एकवटलेला हवा, आणि वस्तुमानही तिथेच हवं. शिवाय ती जागा फारच लहान हवी, नाहीतर बाकीचे कण आरपार गेले नसते. रदरफोर्ड यांना हा हिशेब नीट मांडायला १९११ उजाडलं. चौदा वर्षांचं पोर हा विचार पूर्णपणे करू शकतं, मी बघितलंय. आपण मात्र निष्कर्ष आधी फळ्यावर लिहितो आणि "समजलं?" विचारतो. (जाता जाता: रदरफोर्ड यांना नोबेल मिळालं १९०८ साली आणि तेही रसायनशास्त्रात. केंद्रक सापडण्याआधीच. आम्हा रसायनवाल्यांना याचा उगाच अभिमान.)

माझा सगळ्यात लाडका माणूस मात्र वेगळाच आहे, आणि शाळेत त्याचं नाव फारसं कानावर येत नाही. हेन्री मोझली.

मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची सारणी मांडली, अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने. पण काही ठिकाणी क्रम बिघडायचा. टेल्युरियमचं अणुवस्तुमान १२७.६ आणि आयोडीनचं १२६.९. वजनाप्रमाणे आयोडीन आधी यायला हवं. पण आयोडीनचे गुण तर क्लोरीन-ब्रोमीनसारखे, त्यांच्याखालीच शोभणारे. मेंडेलीव्ह यांनी गुणांना मान दिला, आयोडीन नंतर ठेवलं, आणि टेल्युरियमचं वजन चुकीचं मोजलं गेलं असणार असं धरलं. वजन चुकीचं नव्हतं. कोबाल्ट आणि निकेलचं तेच रडगाणं. म्हणजे सारणी बरोबर, पण ज्या नियमाने रचली तोच लंगडा. मग खरा नियम कुठला?

मोझली यांनी १९१३ मध्ये एक नळी केली. हवा काढलेली नळी, आत एक छोटी गाडी, गाडीवर वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे तुकडे, आणि गाडी सरकवायला रेशमी दोरा. एकेका तुकड्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा, त्यातून क्ष-किरण निघतात, त्यांची वारंवारता मोजायची. मूलद्रव्यागणिक वारंवारता वाढत गेली. आणि तिचं वर्गमूळ काढलं तर एकेक पायरी सारख्या उंचीची! जिन्याला जशा पायऱ्या असतात तशा, प्रत्येक मूलद्रव्याला एक पायरी. वजनं वेडीवाकडी वाढतात, पण हे पायरीपायरीने वाढतंय. म्हणजे अणूच्या आत असं काहीतरी आहे जे दर मूलद्रव्याला नेमकं एकाने वाढतं. तो केंद्रकाचा धनप्रभार. कोबाल्ट सत्तावीस, निकेल अठ्ठावीस, संपला वाद. त्याच हिशेबाने टेल्युरियम बावन्न, आयोडीन त्रेपन्न.

आपण जो अणुअंक म्हणून पाठ करतो तो इथून आला. तोवर तो अंक म्हणजे नुसता हजेरीपटावरचा नंबर होता. मोझलींनी दाखवलं की तो नंबर मूलद्रव्याच्या पोटात आहे. आणि पायऱ्या मोजता येतात म्हटल्यावर कुठली पायरी गायब आहे तेही सांगता येतं. त्रेचाळीस, एकसष्ट आणि पंचाहत्तर या जागा रिकाम्या आहेत असं त्यांनी सांगितलं. पुढे त्या तिन्ही भरल्या. पंचाहत्तर १९२५ मध्ये, त्रेचाळीस १९३७ मध्ये, एकसष्ट १९४५ मध्ये.

मोझलींना ते बघायला मिळालं नाही. महायुद्ध सुरू झाल्यावर ते सैन्यात गेले आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीत मारले गेले. वय सत्तावीस. मला दर वेळी हे सांगताना घसा दाटतो. मुलं चमकून बघतात, की काकू आवर्तसारणी शिकवताना रडतायत का काय.

आता पुढचा प्रश्न साहजिकच येतो. केंद्रकातला प्रभार एकाने वाढतो, पण वजन त्याच प्रमाणात का वाढत नाही? टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड कसं? म्हणजे केंद्रकात प्रभार नसलेलं पण वजन असलेलं दुसरं काही असणार. रदरफोर्ड यांनी १९२० मध्ये अशा कणाचं भाकीत केलं होतं. १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांनी तो दाखवला. त्याच्या थोडंसंच आधी पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेदरिक जोलिओ-क्युरी यांच्या प्रयोगात तोच कण हजर होता, पण त्यांना ते गॅमा किरण वाटले. न्यूट्रॉन हा शब्द पाठ करण्यात काही नाही. त्याची गरज का पडली, हे समजलं की तो विसरता येत नाही.

एकाच मूलद्रव्याच्या अणूंत प्रोटॉन सारखे पण न्यूट्रॉन कमीजास्त असू शकतात, ही समस्थानिके. आणि रसायनाचा सगळा व्यवहार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी. इलेक्ट्रॉन किती, तर प्रोटॉन जितके तितके. म्हणून न्यूट्रॉन चार जास्त असले काय नि नसले काय, रसायनाला त्याचा पत्ता नसतो. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, कारण आता त्या गोष्टीकडे येते.

माझ्या थोरल्या वन्सं. २०१६ मध्ये त्यांच्या थायरॉईडमध्ये कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की किरणोत्सारी आयोडीन द्यायचं. आयोडीन १३१. नावातच सगळं आहे. प्रोटॉन त्रेपन्न, न्यूट्रॉन अठ्ठ्याहत्तर. आपल्या मिठातल्या साध्या आयोडीनमध्ये प्रोटॉन त्रेपन्नच, न्यूट्रॉन चौऱ्याहत्तर. थायरॉईडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, आणि त्यांना या दोघांतला फरक कळत नाही, कारण तो फरक केंद्रकात आहे आणि पेशीचा संबंध बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी. म्हणजे शरीर स्वतःच औषध बरोबर त्या जागी पोचवतं. शस्त्रक्रियेतून उरलेल्या पेशी कुठेही लपल्या असल्या तरी. तिथे पोचल्यावर अणू फुटत नाही की काही नाही. त्याच्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन वेगाने बाहेर पडतो. तो फार तर एक-दोन मिलिमीटर जातो आणि वाटेतल्या पेशी मारतो. आणि त्रेपन्नाचे चौपन्न झाल्यामुळे आयोडीनचा होतो झेनॉन, कुणाशी काही देणंघेणं नसलेला वायू. याहून हुशार औषध मला तरी माहीत नाही.

आणि हे बनवतात कशातून? टेल्युरियममधून! अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉन आदळवायचे, बावन्नचं त्रेपन्न होतं. ज्या जोडीने मेंडेलीव्ह यांना हैराण केलं तीच ही जोडी. आपल्याकडे हे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात होतं.

वन्संना दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं, कारण गॅमा किरणही निघतात आणि ते शरीराबाहेर येतात. घरी सोडताना छापील सूचना दिल्या. इतके दिवस लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही, गरोदर बाईपासून लांब राहायचं, वेगळं झोपायचं, वगैरे. वन्सं शिस्तीच्या. सगळं पाळलं, वर दोन दिवस जास्तच पाळलं.

हे सगळं ऑक्टोबरच्या मध्यावर. जानेवारीत संक्रांत आली. त्यांच्या इमारतीत दरवर्षी सगळ्यांचं मिळून हळदीकुंकू असतं, आणि तीस वर्षं त्याची तयारी वन्सं करत आल्या. त्या वर्षी त्यांना कुणी सांगितलंच नाही. मागाहून एकीने आडून आडून कानावर घातलं की "अहो, ते किरणांचं आहे ना तुमचं, घरात लहान मुलं आहेत हो". वन्सं काही बोलल्या नाहीत. आजारपणात एकदाही न रडलेली बाई त्या दिवशी माझ्याकडे फोनवर रडली.

आता गणित बघा. आयोडीन १३१ चं अर्धायुष्य आठ दिवस. दर आठ दिवसांनी निम्मं उरतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत अकरा वेळा निम्मं झालं. दोन हजार भागांतला एक भाग. तोही नाहीच, कारण बरंचसं तर पहिल्या काही दिवसांतच लघवीतून निघून जातं. उलट आपल्या प्रत्येकाच्या अंगात पोटॅशियम ४० असतं, जन्मापासून, आणि धडधाकट मोठ्या माणसाच्या शरीरात त्याचे दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू बदलत असतात. हळदीकुंकवाला जमलेल्या प्रत्येक बाईच्या अंगात. त्यांनी ओटीत घातलेल्या केळ्यांतसुद्धा.

आणि त्या बायका कोण होत्या? एक इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. एक तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. बाकीच्याही शिकलेल्याच. अर्धायुष्याची व्याख्या विचारली असती तर निदान दोघींनी घडाघडा म्हणून दाखवली असती. दोन, आठ, एक तर सगळ्यांनीच. दुष्ट त्यातली कुणीच नव्हती. मुलांची काळजी होती आणि "किरण" हा शब्द भीतीचा. भीतीला उत्तर द्यायला जे लागतं, म्हणजे हे किती, किती दिवस, कशावरून, असं विचारायची सवय, ती कुणाला लागलेलीच नव्हती. शब्द होते, पण ते कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या चांदीच्या भांड्यांसारखे. रोजच्या वापरात नाहीत.

याच्या उलट टोकाला दुसरी गंमत. व्हॉट्सॅपवर येतं, "विज्ञानानेच सिद्ध केलंय, अणू ९९.९९ टक्के रिकामा आहे, म्हणजे जग ही माया". पाठोपाठ तांब्याचं कडं, आणि "तुमच्या अणूंची कंपनं सुधारा". वर वानखेडेचं उदाहरण मीच दिलं, तेव्हा हेही सांगायला हवं की "रिकामा" हा शब्द फसवा आहे. ती जागा इलेक्ट्रॉनांनी व्यापलेली असते, ठिपक्यासारखी नव्हे तर पसरून, आणि एका अणूच्या इलेक्ट्रॉनांनी व्यापलेल्या जागेत दुसऱ्याचे सहजी घुसू शकत नाहीत. म्हणून तर तुमचा हात टेबलातून आरपार जात नाही. मायेवर विश्वास असेल तर जरूर असू द्या, पण त्याची जबाबदारी अणूवर टाकू नका.

कणादांचंही तसंच. वैशेषिकांचा परमाणू हा मोठा विचार होता, याबद्दल मला शंका नाही. वस्तू तोडत गेलो तर कुठेतरी थांबावं लागेल, हे तर्काने गाठणं सोपं नाही. पण त्यांचे परमाणू पृथ्वी, पाणी, तेज आणि वायू यांचे होते, आणि त्यांत इलेक्ट्रॉन शोधत बसणं म्हणजे कणादांचाही अपमानच. त्यांचे शब्द मात्र आपल्याकडे मजेशीर फिरले आहेत. मराठीत अणू म्हणजे जो तोडला की मूलद्रव्यपण संपतं तो, आणि रेणू म्हणजे अणूंचा जुळलेला गट. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. हिंदी पुस्तक वाचणाऱ्या मराठी मुलाचा हमखास गोंधळ होतो. मला आपला रेणू शब्द जास्त आवडतो. रेणू म्हणजे धूळ. कवडशात नाचणारी धूळ बघून हा विचार कुणाला सुचला असेल तर त्यात नवल नाही.

आता शिक्षकांची बाजू. वर्गात साठ-सत्तर मुलं, अभ्यासक्रम संपवायचा, वर निवडणुकीची कामं आणि जनगणना. गायगर-मार्सडेनच्या अंधाऱ्या खोलीत जायला वेळ कुठून आणायचा? हे मला पटतं. पण मग काही काढा. पहिल्या वीस मूलद्रव्यांची संरचना पाठ करण्याऐवजी पाच पुरेत. "सोडियमला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायला आवडतं आणि क्लोरीनला घ्यायला" हे दानशूर कर्णाचं आख्यान काढा, कारण ते खरंही नाही. सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल खर्च येतो आणि क्लोरीनला तो दिल्यावर परत मिळतात जेमतेम ३४९. सौदा तोट्याचा. फायदा होतो तो पुढे, असंख्य आयन एकमेकांना धरून स्फटिक रचतात तेव्हा. मिठाचा खडा ही सामुदायिक शेती आहे, दोघांतलं दान नव्हे. आणि कवचांना के, एल, एम म्हणायचं तर निदान एवढं सांगा की सुरुवात के पासून का. चार्ल्स बार्कला यांनी क्ष-किरणांच्या गटांना ही अक्षरं दिली, तेव्हा आधीचेही गट सापडतील म्हणून जागा सोडून ठेवली होती. सापडले नाहीत. मुलांना हे सांगितलं की ती खुदकन हसतात, आणि के कवच जन्मात विसरत नाहीत.

आणि पुराव्यासाठी प्रयोगशाळाच लागते असं नाही. दूध उतू गेलं किंवा आमटीचा थेंब गॅसवर पडला, की निळी ज्योत एकदम पिवळी होते ते तुम्ही हजारदा बघितलं असेल. तो सोडियम. त्या दोन-आठ-एक मधला शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन उष्णतेने वरच्या पातळीवर जातो आणि खाली येताना प्रकाश टाकतो. दर वेळी तोच पिवळा, सुमारे ५८९ नॅनोमीटर, कारण दोन पातळ्यांतलं अंतर ठरलेलं आहे. एलईडी येण्याआधी हमरस्त्यांवर जे पिवळे दिवे असायचे, ते याच इलेक्ट्रॉनचे. मुलांना मी ओट्यापाशी उभं करते, लांबून, आणि मिठाची चिमूट ज्योतीवर टाकते. मग विचारते, साखर टाकली तर पिवळं होईल का? आणि खायचा सोडा? बेकिंग पावडर? पोरं पैजा लावतात. गेल्या महिन्यात एकीने विचारलं, "काकू, पण हा पिवळा रंग मिठातल्या सोडियमचाच कशावरून? क्लोरीनचा नसेल कशावरून?"

म्हटलं, डबे त्या फडताळात आहेत. कशाकशात सोडियम आहे पण क्लोरीन नाही, ते शोध.